खांबाचा आडोसा

३ मार्च, मंगळवार

वारा नाही म्हणे! अकरा महिने टेकडीवर मोजणीचा खांब उभा आहे, त्याच्या टोकाजवळ वारा मोजणारे, गरगर फिरणारे दोन कप, आणि निकाल काय, तर सरासरी सेकंदाला ५.६ मीटर. पवनचक्क्यांना निदान सहा लागतो. अहवाल मी लिहायचा. १० एप्रिलला तो समितीपुढे गेला की टेकडी बाद आणि आमच्या सहा जणांच्या ऑफिसला कुलूप.

वीस वर्षं पेपरात ऊन-वाऱ्यावर लिहिलं. लोक म्हणायचे, नुसतं लिहून काय होतंय! म्हणून पन्नाशीत नोकरी सोडून या धंद्यात उतरले. आणि पहिलंच मोठं काम — मयताची बातमी लिहायची.

५ मार्च, गुरुवार

आकडे वाचत बसले. दशांशने हटकलं. दशांश म्हणजे आमचा इंजिनिअर. चहात साखर किती हेसुद्धा हा दोन दशांश स्थळांपर्यंत सांगेल. म्हणाला, मॅडम, तुम्ही भाषा बघा, आकडे मी बघितलेत. बघितलेत म्हणे! टेकडीवर एकदा तरी पाऊल ठेवलंय का? सगळं आपलं खुर्चीत बसून.

पण एक खटकतंय. रोज दुपारी तीन ते सहा वारा पडतो. रोजच्या रोज. जमीन तापली की अशा टेकड्यांवर वारा उठतो, हे मी शंभरदा लिहिलं असेल. मग इथे उलटी गंगा कशी?

९ मार्च, सोमवार

टेकडीवर जाऊन आले. दशांशलाही ओढून नेलं. चढताना धापा टाकत होता — बरं वाटलं मला!

खांबाची राखण करणाऱ्या मावशी तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतात. अडीच वाजता बघते तर दोरीवरचे ओले कपडे काढून घेतायत. का, म्हणून विचारलं. तर म्हणे, तीननंतर ठेवले की उतारावरून गोळा करत फिरावं लागतं.

सव्वातीनला वारा सुटला. दशांशची टोपी गेली ती गेलीच. त्याने फोनवर खांबाचा आकडा बघितला, ४.८. मग मान वर केली. मीही केली.

दोन्ही कप खांबाच्या एकाच अंगाला, शिडीकडे! वारा पश्चिमेचा, कप पूर्वेला, मधे हा एवढा जाड खांब. दुपारभर कप आपले आडोशाला बसलेले. नकाशात मात्र एक इकडे, एक तिकडे. ‘मी नकाशा बघितला होता,’ दशांश हळूच म्हणाला. जिभेवर आलेलं सगळं गिळलं मी. जवळजवळ सगळं.

१० मार्च, मंगळवार

साहेबांनी फिटरकाकांना बोलावलं. तीस वर्षं खांब उभारणारा माणूस. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून बसले होते मी. काका खाली बघत म्हणाले,

‘त्या बाजूला वारा इतका होता की हात ठरेना. म्हणून आडोशाला लावले.’

मला हसूच फुटलं. अहो, वारा फार म्हणून वाऱ्याची मोजणी चुकली! मग काकांचा चेहरा बघितला आणि स्वतःचीच लाज वाटली.

जुने कप राहू द्यायचे, पश्चिमेला नवे बसवायचे. तीन आठवडे दिलेत साहेबांनी. आकडे बदलले तर समितीपुढे मी बोलायचं. नाही बदलले तर अहवाल आहे तसा जाईल.

१३ मार्च, शुक्रवार

काका उजाडताच चढले, वारा उठायच्या आत. साठीचा माणूस! दशांश खाली दोर धरून. मी नुसती नखं कुरतडत. अकराला कप फिरायला लागले.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी चार. जुने कप ४.९. नवे ६.६. सहा पूर्णांक सहा!!

२० मार्च, शुक्रवार

नवऱ्याने दम दिलाय — जेवताना परत फोन उघडलास तर लेकीला फोन करून तुझी चहाडी करीन. खुशाल कर म्हटलं. आज ६.७ आहे.

६ एप्रिल, सोमवार

दशांशने वर्षभराच्या पश्चिमवाऱ्याच्या नोंदी जुन्या-नव्या कपांतल्या फरकाने दुरुस्त केल्या. एकदा नाही, तीनदा. मग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. सरासरी ६.३! वर म्हणाला, मॅडम, हे तुम्हीच लिहा, मी लिहिलं तर कुणी वाचणार नाही. इतका शहाणपणा याच्याकडे होता कुठे इतके दिवस?

जुना अहवाल टराटरा फाडला. नवा एका बैठकीत लिहून काढला.

१० एप्रिल, शुक्रवार

मंजूर! मंजूर! मंजूर!

समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून विचारलं, तुम्ही इंजिनिअर का? म्हटलं, नाही, मी दोरीवरचे कपडे बघते. मग सगळं सांगितलं, सव्वातीनच्या टोपीसकट. अख्खी खोली हसली, आणि हसता हसता सह्या झाल्या. अहवालावर ‘तांत्रिक तपासणी’च्या खाली दशांशच्या शेजारी माझं नाव आहे. वीस वर्षांत हजारदा छापून आलं असेल, पण आज चारदा उघडून बघितलं!

मावशींना फोन केला. त्यांना काळजी एकच, आता कपडे कुठे वाळत घालायचे. फिटरकाका मात्र आले नाहीत. बोलावलं होतं मी.

१३ एप्रिल, सोमवार

काका आज आले. कामाच्या जुन्या वहीतली पानं खुणा करून आणली होती. ‘ताई, आणखी सात टेकड्यांवर माझा हात ठरला नव्हता.’ सातही ‘वारा नाही’ म्हणून बाद झाल्यात. त्यातल्या तिघींची बातमी पेपरात असताना मीच लिहिली होती, पहिल्या पानावर. उद्या सकाळी सातला निघतोय, काका आणि मी. सुरुवात माझ्या तिघींपासून.