मी रुसासुर नव्हे

इंझोरी, गुरुवार

चि. सौ. कां. रुचिकास,

फुलचंदमामाचे आशीर्वाद. (राग वेगळा, आशीर्वाद वेगळे.) तुझी प्रकृती बरी असेल, माझी तुझ्या पुस्तकाने बिघडवली. तुझ्या लग्नाची पत्रिका फोनवर पोचली. मी येणार नाही. अंतरपाट धरतील तेव्हा नवरीच्या पाठीशी दुसरा कोणी मामा उभा कर.

पुण्यात बसून चित्रकथा काढतेस, काढ. पुराणात राक्षस काय कमी होते? पण तुझ्या रुसासुराला माझी मिशी, माझ्या गालावरचा मस आणि माझा दुपट्टा (तोही डाव्याच खांद्यावर!) कशाला? म्हणे समुद्रमंथनानंतर देवांनी सगळ्यांना आहेर केला, याला टॉवेल-टोपी द्यायची राहिली, म्हणून हा मांडवाबाहेर हजार वर्षं रुसून बसला आणि फुगलेल्या गालांनी सूर्य झाकला! अगं, तुझ्या आईच्या लग्नात मी रुसलो तो फक्त दिवेलागणीपर्यंत. तेही टोपीसाठी नव्हे. वरपक्षाने ती डोक्यावर ठेवायची सोडून हातात दिली म्हणून. भावाचा हा अपमान नाही तर काय?

आता कारंज्याला एसटीतून उतरायची सोय राहिली नाही. चहावाला लखमा गिऱ्हाइकांदेखत ओरडला, "मामाले पयले चहा द्या रे बापा, नाई तं सूर्य झाकतीन!" तुझी मामी तर पुस्तक उशाशी घेऊन झोपते. "पोरीनं तुमाले बराबर पकडलं," म्हणते. घरातच फितुरी!

सर्वांत संताप शेवटच्या पानाचा. दोन पोरींनी दंड धरून "चला, जेवायला चला" म्हटलं आणि रुसासुर विरघळला! एका हाकेत? ज्याने इंद्राला पळता भुई थोडी केली, तो? मला उठवायला चार माणसं आणि वर भटजी लागले होते. राक्षसाची काही पत ठेवायची होती.

तेव्हा माझी वाट पाहू नये. येणार नाही म्हणजे नाही.

तुझा मामा,
फुलचंद

ता. क. : अक्षता घेऊन घरी बोलवायला कोणी आलं नाही, हे मी कोणापाशी बोललो नाही. फक्त गावात.

दुसरा ता. क. : मामीने माझ्यासाठी नवा सदरा शिवायला टाकला आहे. मी सांगितलं नव्हतं. माप तेवढं दिलं.

तिसरा ता. क. : अक्षता राहू दे. तू फोन कर, मामीच्या नाही, माझ्या फोनवर. तुझ्या पाठीशी दुसरा कोणी उभा राहिलेला मला पाहवणार नाही गं. पहिल्यांदा मी उचलणार नाही. पुन्हा कर.