बाबांनी शिवलेले फर्मे

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या बायपासला सात आठवडे झाले. जखम भरली. आठवडाभरापासून ते पुन्हा खाली दुकानात बसतात, खळ शिजवतात, पुस्तकं शिवतात. समोरचे छापखानेवाले म्हणाले, बाइंडर तरुण दिसायला लागले. बाबांनी विचारलं, तुम्ही कधी दिसणार?

पुढचं लिहायला मी दोन दिवस घेतले. सोमवारी बाबांनी एका प्रबंधाचा सहावा फर्मा, म्हणजे ती सोळा पानांची छापील घडी, चौथ्याच्या जागी शिवला. बुधवारी दुसऱ्या पुस्तकात तसंच. तीस वर्षं ज्यांनी फर्म्यावर छापलेल्या आकड्याकडे न बघता फर्मे लावले, त्यांच्या हातून. दुपारी ते झोपले की मी शिवण उसवते, फर्मे लावते आणि पुन्हा शिवते. त्यांना अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, की विसरणं, गोंधळणं असं काही दिसतं का. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काहींना होतं, पुष्कळांचं ओसरतं, पण लपवू नका म्हणाले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, काही नाही. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. मी काय करू ते कळव.

तुझी,
मुंगी


९ मार्च

चि. मुंगीस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. मी तुला घरी अक्षरं शिकवायची तेव्हा तू एकेक अक्षर दहादा पुसायचीस, पाटीला भोक पडेल अशी भीती वाटायची. आता बापाचं पुसायला लागलीस.

डॉक्टरला कळलंच नाही तर तो उपाय कशावर करणार? माझा भाऊ हट्टी आहे, काचेचा नाही. वीस तारखेच्या तपासणीआधी त्याला सांग. तुला जमत नसेल तर मी येते. पण मी सांगितलं तर तुझी काळजी त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळेल. ते तुलाच आवडणार नाही.

जेवत जा. माझा जीव तुम्हा दोघांत आहे.

तुझी,
आत्या


२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तरी मी रोज उद्यावर ढकललं. तेवढ्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचं पुस्तक आलं. बाबांनी शेवटचा फर्मा सुरुवातीला लावला, मी तो नेहमीसारखा हलवला. बाई पुस्तक न्यायला आल्या आणि उघडून पहिलंच पान पुन्हा पुन्हा उलटून बघायला लागल्या. शेवटचं प्रकरण आधी हवं, असं त्यांनी बाबांना तोंडी सांगितलं होतं. बाबांच्या ते बरोबर लक्षात होतं. चुकले मी.

बाबांनी फर्म्याच्या मधोमध दिसणारा टाका पाहिला आणि तो त्यांचा नाही, माझा आहे हे ओळखलं. चूक दुकानाची आहे, परवा या, असं बाईंना म्हणाले. त्या गेल्यावर मला विचारलं, अशी किती. मी म्हटलं, तीन. त्यातली खरोखर चुकलेली किती, विचारलं. मी म्हटलं, दोन.

त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाले, सकाळी कधी कधी दाभणाचं नाव आठवत नाही, पण पुस्तकं सगळी बरोबर निघत होती, म्हणून मला वाटलं की मी बरा झालो. आत्या, रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

काल डॉक्टरांना त्यांनी स्वतः सांगितलं, आणि चुका किती झाल्या ते मला सांगायला लावलं. डॉक्टरांनी पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. बाबांना तीन आठवले. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, सुधारायला वाव आहे, पण वचन देत नाही म्हणाले.

आज बाबा शिवत असताना मी समोर बसले. एक फर्मा चुकला. मी म्हटलं, की हा सातवा, पाचवा हवा. त्यांनी आकड्यावर बोट ठेवून पाहिलं, कात्री घेतली आणि दोरा स्वतः कापला. पुढचा फर्मा उचलून सुई घालण्याआधी ते थांबले, आणि मी मान हलवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

माझ्यावर माया असू दे. सध्या ती फार लागते आहे.

तुझी,
मुंगी