वाटीएवढ्या पोटाचा आचारी

प्रिय आक्का,

पाथरीचं लग्न पार पडलं. परवा घरी आलो, पाय धुतले आणि सवयीनं तुझ्या खोलीकडं तोंड करून म्हणालो, "आक्का, भात मोकळा झाला बरं का!" तुझी भावजय सरू चुलीपुढून उठून दारात आली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, तू आता नाहीस.

आता मला सांग, हे मी कुणाला सांगायचं? हातात झारा धरला तेव्हापासून प्रत्येक लग्नावरून आलो की तुझ्यापुढं बसायचो. पंगती किती उठल्या, वरण कुणी नावाजलं, कोणता व्याही कशावरून रुसला, सगळं तुला लागायचं. मी एखादी गोष्ट गाळली की तू बरोबर ओळखायचीस. हे पाथरीचं लग्न पोटात ठेवून मला झोप येईना. म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली आणि तीही चौथीपर्यंतच. मराठी अक्षर अजून वाकडं येतं. पण तुला तर कोणतंच अक्षर येत नव्हतं, मग चुका काढणार कोण!

तुला राणीसावरगावचं लग्न आठवतं? तिथं भट्टीपुढंच मला रक्ताची उलटी झाली होती. मला गाडीत घालून सोनपेठला आणलं तेव्हा तू दारातच उभी होतीस. केवढा होतो गं मी तेव्हा! गाडीत मागं बसलो की गाडी उलाळ होऊन मागं कलायची. आणि लोकांना त्याचंच कौतुक. आचारी असा पाहिजे म्हणायचे, बघूनच भूक लागली पाहिजे.

परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, पोटात व्रण झालाय, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन जठराचा बराचसा भाग कापून टाकावा लागंल. मी साफ नाही म्हणालो. पोट कापल्यावर मी आचारी कशाचा? तू सुपारी कातरत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सैपाक हातानं करतूस का पोटानं?"

सगळी भावकी एका बाजूला आणि तू एका बाजूला. चुलते म्हणाले, पोट फाडलेला माणूस वाचत नसतो. तू म्हणालीस, "मायनं मरताना ह्याला माज्या वटीत घातलंय. मी न्हेनार." आणि जन्मात परभणीच्या पुढं न गेलेली तू माझ्याबरोबर रेल्वेत बसलीस! तिथली बोली तुला कळत नव्हती, तरी आठ दिवसांत त्या वॉर्डातल्या सगळ्या नर्सबायांची नावं तुला पाठ. मला अजून नवल वाटतं.

घरी परत आलो तेव्हा माझे सगळे सदरे दोरीवर वाळत घातल्यासारखे अंगावर लोंबत होते. डॉक्टरनं बजावलं होतं, पोट आता वाटीएवढं राहिलंय, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, गोड खायचं नाही. तू तर आनंदानं तुपातला शिरा केलास. मीही हावरा, सगळा खाल्ला. अर्ध्या घटकेत अंगाला दरदरून घाम, छाती धडधडायलेली, डोळ्यांपुढं अंधार. तू घाबरून मीठमिरच्या उतरवायला लागलीस. आणि मी तुझ्यावर केवढ्यांदा ओरडलो! "मारतीस का काय मला?" म्हणालो.

तू हातातल्या मिरच्या तशाच चुलीत टाकल्यास आणि बाहेर गेलीस. आक्का, त्या दिवसाची माफी मी तुला मागितलीच नाही. शिरा तू केला होतास, पण वाडगं पुसून खाल्लं ते मीच ना?

दुसऱ्या दिवसापासून मात्र तू काय ती शिस्त लावलीस! घरात घड्याळ नव्हतं. ऊन उंबऱ्यावर आलं की पहिली वाटी, तुळशीपाशी सरकलं की दुसरी, गोठ्याच्या भिंतीवर चढलं की तिसरी. कधी दुधात कुसकरलेली भाकरी, कधी मऊ खिचडी. मी ओट्यावर असो नाहीतर पारावर, वाटी तिथं यायची. गावातली माणसं हसायची. हसू देत म्हणायचीस.

एक मात्र मी तुला विचारणार आहे. पौषात तुझ्या हाताला हात लागला तेव्हा मी म्हणालो होतो, "आक्का, अंग गरम लागतंय." तू म्हणालीस, "चुलीपुढं बसल्यावर गरमच लागंल की." मी आचारी माणूस, सगळा जन्म आगीपुढं गेला, आणि मला चुलीची ऊब आणि ताप यातला फरक कळू नये? आणि तू तरी का लपवलंस? आठ दिवस अंगात ताप घेऊन माझ्या वाट्या भरत राहिलीस. माघ लागला आणि तू गेलीस. रागवू की रडू, मला कळलंच नाही.

बरं, आता पाथरीचं सांगतो.

तुझ्यामागं तीन महिने मला कोणी बोलावलंच नाही. लोक येऊन दारातून बघायचे आणि "सहज आलतो" म्हणून परत जायचे. असला वाळलेला आचारी दारात उभा केला तर पाहुण्यांना काय वाटंल! मग वैशाखात पाथरीहून यशवंतरावांचा निरोप आला. त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नाला मीच होतो, आता मधलीचं होतं. मी आणि माझ्या हाताखालचा विठोबा गेलो. मी बैलगाडीतून उतरलो, रामराम घातला, तर यशवंतराव माझ्या मागं बघायला लागले.

"नारायण आचारी कुठाय?"

"मीच की, मालक."

"थट्टा करायलास का? त्यो केवढा धिप्पाड हुता!"

विठोबानं शपथ घेऊन सांगितलं तेव्हा पटलं. पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याच्यानं कढई तरी हलंल का? पंगत बसायच्या आत दुसरा कोनी मिळतो का बघ." मला ऐकू आलं. मी खाली मान घालून भट्ट्या मांडायला लागलो.

पहाटेपासून कामाला लागलो. बुंदी पाडली, पाक बोटांत धरून बघितला, एकतारी बरोबर निघाला. जड उचलायला विठोबा होताच. सांगतो आक्का, हात काहीच विसरले नव्हते! झारा कढईवर आपटायला लागलो आणि दाणे टपाटपा पडायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी खरंच परत आलोय.

अडचण दुसरीच होती. देवाला नैवेद्य जायच्या आधी आचाऱ्यानं तोंडात घास घातला तर सगळा सैपाक उष्टा म्हणणारी माणसं ती. आणि मला दर दोन तासांनी खायचं! सरूनं दुधात भिजवलेली भाकरी डब्यात घालून दिली होती. पण ती काढायची कुठं? पहिली वेळ गेली, दुसरी गेली. वैशाखाचं ऊन, पुढं तीन भट्ट्या. एकदा तर कढईवर झोकच गेला, विठोबानं मागून धरलं म्हणून वाचलो. तो म्हणाला, "मर्दा, मराय आलास का इथं?"

मग हातपाय धुवायच्या निमित्तानं डबा धोतरात लपवला आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसलो. दोन घास घेतले नसतील, तोच समोर यशवंतरावांची आई उभी. पांढरं लुगडं, कमरेत वाकलेली, हातात काठी.

"काय करायलास रं इथं?"

माझा घास तोंडातच राहिला. आता गेलं म्हटलं सगळं! लपवण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, "आजी, माजं पोट कापलंय. वाटीएवढंच उरलंय. दोन-दोन तासांनी खाल्लं न्हाई तर चक्कर येती. भट्टीपाशी खाल्लं न्हाई, देवाची आन. पर तुमचं मन मानत नसंल तर मी आत्ताच जातो."

"कुठं कापलंय? दाव बघू."

मी सदरा वर केला. म्हातारीनं वाकून त्या लांबलचक टाक्यांवरून बोट फिरवलं. आणि काय म्हणाली असंल? "आरं, तू तर बाळंतीन हायस!"

मला कळंचना.

"बाळंतिनीला कोनी उपाशी ठिवतं व्हय? तिला कसला नैवेद्य अन् कसलं काय. चल घरात. गंजीमागं उकिडवं बसून खातात का?"

आणि मनगट धरून मला माजघरात घेऊन गेली! बायकांच्या घोळक्यातून! पाटावर बसवलं आणि सुनांना सांगितलं, "ह्यो आचारी दोन-दोन तासांनी आत येनार हाय. ह्येला मऊ भात अन् ताक द्यायचं. कोनी काय इचारलं तर मला इचारा म्हनावं." यशवंतराव दारात येऊन उभे राहिले. म्हातारीनं त्यांना हातानंच जा म्हणून खुणावलं. गेले बापडे. दुसरा आचारी शोधायला निघालेला भाऊही मग थांबला.

पुढचं सगळं झक्क झालं. सगळ्या पंगती वेळेवर उठल्या. वांग्याची भाजी कमी पडते की काय वाटलं होतं, पण पुरली. वराकडचे एक मामा लाडू मोडून बघत होते, त्यांनी तिसरा मागून घेतला. यशवंतराव शेवटी जवळ आले, माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि म्हणाले, "नारायणा, धाकटीच्या लग्नालाबी तूच." मी हो म्हणालो.

निघायच्या आधी म्हातारीला नमस्कार करायला माजघरात गेलो. तिनं आणखी एक वाटी भात पुढं सरकवला आणि समोर बसली. विचारलं, "हे येळंवर खायाचं वळन कोनी लावलं? बायकूनं?"

"आमच्या आक्कानं. माघात गेली."

"चांगली हुती म्हनायची." मग म्हणाली, "अन् ती कवा जेवायची रं?"

आक्का, मला सांगता येईना. खरंच सांगता येईना! मी आठवायला लागलो. तू वाढताना आठवलीस. चुलीपुढं आठवलीस, वाटी घेऊन ओट्यावर येताना आठवलीस. पण ताटावर बसलेली तू काही केल्या मला दिसेना. हजारो माणसं मी जेवू घातली, कुणाला मीठ कमी लागतं, कुणाला भात गरम लागतो, सगळं ध्यानात. आणि माझ्याच घरात तू कधी खातेस, काय उरतं, पुरतं का, हे एकदाही विचारलं नाही? तू का नाही सांगितलंस, असं मी तुला विचारणार होतो. पण सांगायला लागावंच का?

म्हातारीला माझं तोंड बघून कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "खा. गार व्हायलाय."

घरी आल्यावर सरूला विचारलं, "तू जेवलीस का?" ती म्हणाली, "तुमचं होऊ द्या की." मी सांगितलं, तुझं ताट घे. ती लाजली, दार लोटून घेतलं, कोणी बघंल म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून बसली आणि जेवली. कालही बसली. आज तर तिनं माझ्या वाटीतलं लोणचं उचललं आणि वर म्हणाली, "तुमाला इतकं तिखट कशाला?" तू असतीस तर हसली असतीस.

मी बरा आहे, आक्का. अंगात ताकद येतेय, ज्येष्ठातल्या दोन लग्नांची सुपारीही आली आहे. बोलवायला आलेल्यांना पहिल्याच बोलण्यात सांगून टाकलं, मला मधूनमधून खावं लागतं, चालत असंल तर बघा. दोघांनीही चालतंय म्हटलं.

तुला एक वचन देतो. ह्या घरात इथून पुढं कोणतीही बाई सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाणार नाही. सरू नाही, उद्या सून आली तर तीही नाही. तिचं ताट आधी मांडलेलं असंल, आणि ते मी माझ्या हातानं वाढीन.

तुझाच,
नारू