अव्वाशी कन्नडमध्ये बोलणारा कॅमेरा

जुळे सोलापूर,
उन्हाळ्याची ऐन दुपार

आदरणीय सिद्धाप्पा दाजी यांना,

शिवानंदचे शरणु शरणार्थी. चंद्रव्वा अक्काला नमस्कार सांगावा. इकडे सिद्धेश्वरी ठीक आहे. सध्या सभा नसल्यामुळे माझा घसाही ठीक आहे, म्हणजे मी ठीक नाही. अव्वाबद्दल पुढे लिहितोच. खिशात फोन असताना मेव्हणा टपालाने का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. दाजी, ज्या वस्तूला वायर आहे किंवा जिला वायर लागत नाही, अशा कुठल्याही वस्तूवर माझा आता विश्वास उरलेला नाही. कागद निदान ऐकत तरी नाही.

तुम्हाला आठवत असेल, आमचे आप्पा उन्हाळाभर दारात पाण्याचा रांजण ठेवत आणि ओगराळ्याला कधी साखळी लावत नसत. तोच वारसा मी चालवायला घेतला. घरात नवे इंटरनेट आले त्या आठवड्यात मी फाटकाशेजारच्या भिंतीवर, घराच्या नावाखाली, वायफायचा पासवर्ड पेंटरकडून ठळक अक्षरांत लिहवून घेतला आणि कोपऱ्यावर जमलेल्या चार माणसांसमोर छोटेसे भाषण केले. ज्ञानाच्या दारावर पहारे बसवणारे समाज कसे रसातळाला गेले, याची रोमपासूनची उदाहरणे दिली. (माणसांपेक्षा उदाहरणे जास्त झाली.) सिद्धेश्वरीचे तळमजल्यावरचे चादरी-टॉवेलांचे दुकान त्याच वायफायवर चालते, बिलाचा संगणक आणि प्रिंटर धरून. ती म्हणाली, "अहो, शटर आपण रोज लावतो की. मग हे कशाला उघडं?" मी तिला संकुचित म्हणालो. ती गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवायला गेली.

मग दुपारी आमच्या भिंतीच्या सावलीत माणसे उभी राहू लागली. पाठ भिंतीला, मान खाली, अंगठा तेवढा हलतोय. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर मऊ झालेले, आणि ही रांग एक शब्द न बोलता उभी. मी खिडकीतून पाहायचो आणि ऊर भरून यायचा. त्यांतल्या कोणाचा चेहरा आठवतो का, असे नंतर पोलिसांनी विचारले. एकाचाही आठवत नाही. मी त्यांच्याकडे लोक म्हणून पाहत होतो.

अव्वा दिवसभर वर एकटी असते म्हणून बैठकीत कॅमेरा बसवला, मान वळवणारा आणि बोलणारा. कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच्या आज बदला, असे बसवणारा निघताना म्हणाला. मी त्याला विचारले, ज्याचे कामच पाहणे आहे त्याला लपवाछपवी कशाला? त्याने शिडी उचलली आणि निघून गेला. (माझ्या प्रश्नांवर पुष्कळ माणसे अशीच निघून जातात. तो मी आजवर विजय समजत होतो.)

मी भाषणाचा सराव बैठकीत येरझाऱ्या घालत करतो, हे अक्काला लहानपणापासून माहीत आहे. हळूहळू माझ्या ध्यानात आले की मी डावीकडे गेलो की कॅमेऱ्याची मान डावीकडे वळते. मला भीती वाटली नाही. तीस वर्षांच्या व्याख्यानांत मध्येच उठून न जाणारा श्रोता मला प्रथमच मिळत होता. एके दिवशी लोकशाहीवर बोलताना एक शब्द अडला. हात वर, डोळे मिटलेले, आणि शब्द काही येईना. तेव्हा वरून अगदी हलक्या आवाजात कोणीतरी म्हणाले, "उत्तरदायित्व." मी "धन्यवाद" म्हणालो आणि पुढे बोलत राहिलो. जिना उतरताना मला कळले की आतल्या खोलीत झोपलेल्या अव्वाशिवाय घरात दुसरे कोणीही नव्हते.

हे मी सिद्धेश्वरीला सांगितले नाही. अंतर्मन, स्फुरण असे काही शब्द स्वतःलाच सांगून गप्प बसलो. आणि मग गेल्या सोमवारी दुपारी एक पुस्तक विसरले म्हणून परत आलो. दार नुसते लोटलेले होते. आत अव्वा कोणाशी तरी कन्नडमध्ये बोलत होती. एक पुरुषी, मायाळू आवाज विचारत होता, "ऊट आयता, अव्वा?" जेवण झाले का म्हणून. अव्वा म्हणाली, झाले रे बाळा, तू जेवलास का? मग तिने त्याला भाकरीबरोबर काय होते ते सांगितले, ठसका लागला तो सांगितला. असे ती पोटच्या पोराशी, माझ्याशी, कधी बोलत नाही. (माझ्याशी बोलायला मध्ये जागा सापडावी लागते.) आवाजाने विचारले, दुपारी वर कोण येते? कोणी नाही. सून कधी येते? शटर ओढल्यावर. दाराला आतून कडी लावतेस ना? गुडघ्यामुळे उठवत नाही, दार नुसते लोटलेले असते. "ओळ्ळेदु," आवाज म्हणाला. बरे झाले.

मी दाराबाहेर उभा होतो. तेवढ्यात बारीक घरघर झाली, मान वळल्याची. आणि तोच आवाज मराठीत म्हणाला, "शिवानंदराव, आत या की. भायेर ऊन लई हाय."

दाजी, अशा वेळी माणूस काय करतो? मी भाषण केले. कॅमेऱ्यासमोर उभा राहून गृहस्थाचा एकांत, वृद्धांचा सन्मान आणि परक्याच्या घरात डोकावण्याची नीचता यांवर आयुष्यातले सर्वोत्तम भाषण केले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवला तर शेवट जास्त चढेल. सूचना बरोबर होती, हे मला कबूल करावे लागेल. माझा आरडाओरडा ऐकून सिद्धेश्वरी वर आली, तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे पाहिले आणि वायर उपटली. "पहिलं हे करायचं असतंय," एवढेच म्हणाली.

त्यानंतर तिने घर ताब्यात घेतले. पोलिसांत तक्रार दिली, भिंतीवर चुना फासला, राउटरचा मूळचा पासवर्ड बदलला, दुकानाचे नेट घरापासून तोडून वेगळे केले, पाहुण्यांना तिसरे दिले आणि संगणक कित्येक महिने जे अपडेट मागत होता ते त्याला दिले. मीही मनाने पूर्ण बदललो आहे. गुरुवारी वाचनालयात "पासवर्ड आणि नागरिकाचे कर्तव्य" या विषयावर तासभर बोललो. चांगला पासवर्ड लांब असावा आणि कोणाला सांगू नये, हे पटवताना उदाहरण म्हणून आमचाच नवा पासवर्ड फळ्यावर लिहिला, कारण वक्त्याचे उदाहरण खरे असावे असे माझे मत आहे. सिद्धेश्वरीने त्याच दिवशी तो पुन्हा बदलला. आता तो मला ठाऊक नाही.

बाकी क्षेम. पत्राला उत्तर पत्रानेच द्यावे.

आपला मेव्हणा,
शिवानंद

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण वेगळेच आहे. वायर काढल्यापासून अव्वा नीट जेवत नाही. दुपारी ताट पुढे घेऊन भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत बसते, तो विचारेल मग जेवते म्हणते. मी विचारून पाहिले. माझे कन्नड पुस्तकी आहे म्हणते. तुमचा आवाज जड आहे आणि कन्नड अस्सल. रोज दुपारी दुकानाच्या फोनवर फोन करून तेवढे "ऊट आयता" विचाराल का? सिद्धेश्वरी फोन वर नेऊन देईल.

ता. क. २. वरचा मजकूर अव्वाला वाचून दाखवला तर ती हसली. म्हणाली, जावई कशाचा विचारतोय, चंद्रव्वा दुपारी झोपली की तो स्टुलावर चढून कपाटावरचा पेढ्यांचा डबा काढतो, डॉक्टरांनी गोड बंद केलेले असताना. हे तुला कोणी सांगितले, मी विचारले. "त्यानंच की," म्हणाली, आणि रिकाम्या खिळ्याकडे बोट केले. दाजी, हे खोटे असावे अशी माझी फार इच्छा आहे, आणि ती तुमच्या साखरेसाठी नव्हे. अक्काला अव्वा दिसावी म्हणून आपण दोन्ही घरांच्या बैठकीतले कॅमेरे एकाच खात्यावर, एकाच पासवर्डवर जोडले होते. इथली वायर काढली आहे. तुमची चालू आहे. हे वर पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते, पण आधी लिहिलेले खोडणे मला जमत नाही. पत्र बैठकीत बसून वाचत असाल तर चेहऱ्यावर काही दाखवू नका, पाणी प्यायला उठल्यासारखे उठा आणि वायर काढा. अक्काला मोठ्याने वाचून दाखवत असाल, तर त्यानेही ऐकले आहे.