एक इंच अक्रोड

बॉथेल, १२ सप्टेंबर २०२४

चि. शोभनास, अ. उ. आ.

तुझं पत्र आणि तुमच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातली चकलीची भाजणी, दोन्ही पोचलं. भाजणी डब्यात भरून ठेवली आहे. पत्रच बरं. फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू भलत्याच प्रश्नांना हो म्हणतेस.

तुझा दादा जाऊन परवा आठ महिने झाले. मी जेवते, झोपते, लायब्ररीतून पुस्तकं आणते. रडू येत नाही. लोक भेटायला येतात, तेच रडतात आणि मी त्यांना पाणी देते.

आता बसून वाच. मी यांची रायफल चालवली. निमिष अ‍ॅशबर्नहून सारखा म्हणत होता, आई, ती विकून टाक. म्हणून क्लबवर दाखवायला नेली. तिथे डोना नावाची माझ्याच वयाची बाई नेमबाजी शिकवते. यांना चौदा वर्षं ओळखायची. विकण्याआधी एकदा चालवून बघणार का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. का, ते माहीत नाही.

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याच्या शिकारीची ही रायफल. गोळी सुटली की म्हैस ढुशी देते तशी मागे येते. रायफलीवरच्या दुर्बिणीची कड भुवईच्या वर लागून तिथे अर्धचंद्र उमटला. गणपतीत मंडळात नीला म्हणाली की रत्ना, चंद्रकोर अंमळ तिरकी लागली का ग, आणि मग तिलाच आठवलं आणि ती मोदकाचं ताट घेऊन आत गेली. मला हसू आलं नाही. वाईटही वाटलं नाही.

खांदा वांग्यासारखा जांभळा झाला आहे, पण दुखत नाही. बोटाने दाबून पाहिलं. कुणा दुसऱ्याचा खांदा दाबावा तसं वाटलं. म्हणून काल परत गेले.

डोना म्हणते, रायफल त्यांच्या मापाची आहे. ते सहा फूट, मी पाच फूट एक. दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, माझ्या खांद्याच्या खळगीत बसत नाही, दंडावर येतो, आणि मला मान पुढे ताणावी लागते. मागून एक इंच लाकूड कापलं तर धक्का जागच्या जागी बसेल. विचार करते आहे.

तब्येतीला जप. माया आहे, ती राहू दे.
तुझी रत्नावहिनी


आयसेलिन, १९ सप्टेंबर २०२४

ती. रत्नावहिनीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझा चहा गार झाला. सदुसष्टाव्या वर्षी बायका गुडघे बदलून घेतात, तू बंदूक घेतलीस. चंद्रकोरीचं वाचून मात्र मी हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. आपल्या घरात हे दोन्ही एकदमच होतं.

विकायची तर वीक. निमिषला द्यायची तर दे. पण कापू नकोस. कोल्हापुरात असताना आमचे काका शिकारीला जायचे आणि दादा त्यांच्या काडतुसांची रिकामी नळकांडी गोळा करून उशाशी ठेवायचा. ही रायफल घेतली तेव्हा त्याने पहिलं पत्र मला लिहिलं होतं. दादा गेला. आता त्याच्या वस्तूलाही करवत लावायची?

आणि वहिनी, एक म्हणायचं होतं. घरात ती वस्तू आणि तू एकटी. निमिषचा परवा फोन आला होता. तो काही बोलला नाही, मीही काही बोलले नाही. पण आम्ही दोघं बराच वेळ फोन धरून होतो. समजून घे.

काही चुकलं असेल तर पोटात घाल. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी शोभना


बॉथेल, २६ सप्टेंबर २०२४

चि. शोभनास, अ. उ. आ.

तू जे विचारलं नाहीस त्याचं उत्तर आधी देते. नाही. तसलं माझ्या मनात नाही. रायफल क्लबच्या कपाटात असते, काडतुसं डोनाकडे. घरात काहीच नाही. हे निमिषला मी स्वतः सांगितलं. तो इंग्रजीत थँक यू म्हणाला आणि मग मराठीत जेवलीस का विचारलं.

धक्का सोसण्यावर एक पुस्तक आणलं आहे. माझं शिक्षण तुला माहीत आहे, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते. त्यात लिहिलं आहे की धीराचा इथे उपयोग नाही. दस्ता सैल धरला तर तो वेग घेऊन येऊन आपटतो. खांद्याशी घट्ट लावला, अंग पुढे झुकवलं, तर नुसता ढकलतो. बाकावर बसून जास्त लागतं, उभ्याने कमी, कारण उभं माणूस मागे जाऊ शकतं.

काल डोनाने वेगळंच केलं. माझ्याकडे पाठ करून ती काडतूस भरायची. कधी खरं, कधी रिकामं. कोणतं ते मला कळू द्यायचं नाही. दहातली चार रिकामी निघाली. नुसतं टक् वाजलं, आणि चारही वेळा माझे डोळे मिटले, खांदा आखडला, नळी खाली गेली. आलाच नव्हता तो धक्का मी सोसला. डोना हसली नाही. म्हणाली, तुझ्या गुरुनाथचंही हेच व्हायचं, म्हणून चौदा वर्षांत त्याला एकच एल्क मिळाला. हे तू कुणाला सांगू नकोस.

यांच्या बायपासनंतरची आठ वर्षं आठवली. गाडी यायला पाच मिनिटं उशीर झाला, फोन वाजला, हे न्हाणीघरात जास्त वेळ राहिले की मी खांदे आवळायची. दर वेळी रिकामं निघायचं. जानेवारीत खरं आलं तेव्हा माझ्यात आवळायला काही उरलं नव्हतं. मी नुसती उभी राहिले. अजून तशीच आहे.

दचकणं मोडायचं तर रायफल मापाची हवी, असं डोना म्हणते. तो तुझा भाऊ होता, माझ्याआधी तुझा. तुझ्या होकाराशिवाय मी कापणार नाही. नाही म्हणालीस तर अख्खी तशीच निमिषकडे जाईल आणि मी बुधवारी क्लबऐवजी लायब्ररीत जाईन. राग धरणार नाही.

उत्तराची वाट बघते. आशीर्वाद आहेतच.
तुझी रत्नावहिनी


आयसेलिन, ४ ऑक्टोबर २०२४

ती. रत्नावहिनीस, शि. सा. न. वि. वि.

एकच एल्क? मला तर त्याने पाच सांगितले होते. लबाड.

चार दिवस तुझं पत्र घेऊन फिरले. मग निमिषची मुंज आठवली. दादाच्या लग्नातला सूट कापून तू त्याला जाकीट शिवलंस, तेव्हाही मी तोंड फिरवून बसले होते. आणि मग सगळ्या फोटोंत तेच जाकीट सगळ्यात छान दिसलं. दादाने तो सूट त्यानंतर काय घातला असता? पोट बघ त्याचं.

काप. पण कापलेला तुकडा मला पाठव. रायफल तुझी, तो माझा.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आहे तशी जवळ राहा.
तुझी शोभना


बॉथेल, १७ ऑक्टोबर २०२४

चि. शोभनास, अ. उ. आ.

सोबतच्या खोक्यात तुझा तुकडा आहे. अक्रोडाचं लाकूड. पातळ दिसतो, पण बरोबर इंचभर आहे, मी फुटपट्टीने मोजला.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने आधी दस्त्यामागचं रबर काढलं. जुनं, दगडासारखं झालेलं. ते यांनी कधी बदललं नव्हतं. त्याच्या आणि लाकडाच्या फटीत पिवळं काही साचलं होतं. त्याने नखाने खरवडून विचारलं की हे कसलं तेल. मी सांगितलं, आंबेहळद. दर ऑक्टोबरात शिकारीहून आले की मी यांच्या खांद्याला लावायची, आणि वाळायच्या आत हे उठून रायफल पुसायला बसायचे. त्याने ते पुसायला फडकं घेतलं. मी म्हटलं, राहू दे. तुझ्या तुकड्याच्या एका कडेला आहे, बघ.

नवं मऊ रबर बसवलं, दुर्बीण थोडी पुढे सरकवली. काल उभी राहिले, दस्ता खळगीत बसवला, झुकले. टक् वाजलं. रिकामं होतं. नळी हलली नाही. डोनाने माझी पाठ थोपटली. पुढचं खरं होतं. मी डोळे उघडे ठेवले. खांदा मागे गेला आणि परत आला.

घरी येऊन कुकर लावला. वरच्या फळीवरची डाळ काढायला हात उचलला आणि खांदा दुखला. जांभळं काही नाही, धक्काही आधीच्या निम्मा. तरी दुखला. ओट्याला धरून उभी राहिले. तीन शिट्ट्यांचा भात, सात झाल्या. भाताचा लगदा झाला, तोच खाल्ला.

आज सकाळीही दुखतो आहे. आंबेहळद उगाळून ठेवली आहे, पण डाव्या हाताने मागच्या बाजूला पोचत नाही. चकलीची भाजणी तशीच आहे. दिवाळीला ये.

वाट बघते, यात सगळं आलं.
तुझी रत्नावहिनी