दोन बकऱ्यांवरची उडी

नाशिक,
७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप नानांना तृप्तीचा नमस्कार.

मी इथे बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दुकानात पाइपांचे गठ्ठे स्वतः उचलू नका. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. कागद तसा देता येत नाही.

तुम्ही आईकडून निरोप पाठवलात, त्याचं उत्तर पुढे लिहिते. आधी माझ्या खेळाचं सांगते.

ऑफिस सुटल्यावर मी कॉलेज रोडला प्रोग्रामिंगच्या क्लासला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. "हिशेब लिहिणारीला कशाला हवेत हे धंदे," असं तुम्ही म्हणालात, तेही मला माहीत आहे. सरांनी सांगितलं, ओळखीचा एखादा खेळ कॉम्प्युटरवर करून आणा. बहुतेकांनी फुली-गोळा केला. मी वाघ-बकरी घेतली. आपल्या देवळा गावातल्या मारुतीच्या ओट्यावर दगडात टाकीनं कोरलेला पट आहे, तोच. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो आणि बकऱ्या मिळून त्याला कोंडतात.

वाटलं, लहानपणापासून खेळतेय, त्यात काय अवघड. कॉम्प्युटरला मात्र काहीच माहीत नसतं. कुठल्या घराशेजारी कुठलं घर, हेसुद्धा एकेक करून सांगावं लागतं. सुरुवातीला माझी एक बकरी पटाबाहेर निघून गेली ती परत आलीच नाही. मग वाघ बकरी खायला लागला, पण खाल्लेली बकरी पटावरून उचलायची हे मी लिहायला विसरले होते, त्यामुळे तो एकाच बकरीवर पोट भरत राहिला. माझी मनमाडची रूममेट सायली हसून हसून लोळली. मी काही सोडलं नाही. एकेक चूक वेचून काढली.

शेवटी एक चूक उरली, ती सापडेना. दोन्ही बाजूंनी कॉम्प्युटरलाच खेळायला लावलं तर दर वेळी वाघच जिंकायचा. बकऱ्या त्याला कोंडत आणायच्या आणि अगदी शेवटी तो निसटायचा. सर म्हणाले, कोड बरोबर आहे, नियम बघ. नियम मी काय बघणार? नियम मला तुम्ही शिकवले होते.

मग सायलीनं मला एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लावली आणि एका ओळीवर थांबवलं. "कोंडलेला वाघ दोन बकऱ्यांवरून उडी मारतो? हे कुठून आणलंस गं? आम्ही मनमाडला एवढं खेळलो, वाघ एकीवरूनच उडतो. कोंडला की हरला."

मी तिच्याशी भांडले. आमच्या देवळ्यात असंच असतं, म्हणाले. आणि खात्रीसाठी आईला फोन लावला. ती म्हणाली, "तो नियम तुझ्यापुरताच व्हता बाई. शेजारच्या पुंजातात्यासंगं खेळताना नाय कधी काढला तुझ्या नानांनी."

नाना, मला तो दिवस आठवतो. मी सातवीत होते. पुंजातात्या आणि ओट्यावरची माणसं बघत असताना मी तुमचा वाघ कोंडला होता. तात्या म्हणाले, "पोरीनं बांधलं रे तुला, सहादू." तुम्ही हसलात, वाघावर बोट ठेवलंत आणि त्याला दोन बकऱ्यांपलीकडे नेलंत. "हाऊ आपला गावना नियम शे," म्हणालात. गावचाच नियम म्हटल्यावर मी मान डोलावली. त्यानंतर पोरीच्या जातीनं ओट्यावर बसू नये, हाही नियम आला.

हरण्याचं मला काही वाटत नाही. राग याचा येतो, की इतकी वर्षं मी चूक माझ्यात शोधत राहिले.

आता निरोपाचं. बारावीनंतर तुम्ही म्हणालात, बी.कॉम. हो, मग तुझ्या मनानं. बी.कॉम. झाले, तर म्हणालात नोकरी लागू दे. नोकरी लागली, तर आता सटाण्याच्या पाहुण्यांना शब्द दिला आहे आणि तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा. मी कोंडत आणलं की तुमची उडी ठरलेली. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला विचारलं नाही एवढंच म्हणते, आणि तेवढं पुरे आहे.

म्हणून परवा मीच त्या मुलाला, रोहितला, फोन केला. नंबर आईनं दिला, तिला रागावू नका. मला हे लग्न करायचं नाही, असं त्याला सरळ सांगितलं. माणूस बरा निघाला. म्हणाला, "बरं झालं बोललात, मला वाटलं तुमचा होकार आहे." तुमचा शब्द मोडला हे मला कळतं. पण तो शब्द माझा नव्हता. लोक तुम्हाला बोलतील. त्यांना माझ्याकडे पाठवा, मी उत्तर देईन.

कोडमधली ती ओळ मी काढून टाकली. आता कधी वाघ जिंकतो, कधी बकऱ्या. सरांनी माझा खेळ सगळ्या वर्गाला दाखवला.

पाडव्याला घरी येते आहे. ये म्हणालात तरी, नको म्हणालात तरी. लॅपटॉप आणणार नाही. आपण ओट्यावर बसू. घरात नाही, ओट्यावर. पुंजातात्यांनाही बोलवा. वाघ तुम्हीच घ्या, मला बकऱ्या चालतात. तुमच्याइतका चांगला वाघ खेळणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही, आणि तुमच्याशी खेळायचं सोडून द्यावं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

आईला सांगा, मी येईपर्यंत करंज्या संपू देऊ नको.

पहिली खेळी बकरीची असते. ती मी खेळले आहे.

तुमचीच मुलगी,
तृप्ती