गाडी बघताना गप्प बसणे

...आणि तितिलियाबाईंनी व्हॅनच्या चटईखाली कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना गाळ होता.

मामा, नमस्कार लिहायचा राहिला, तो आता घ्या. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आईचं ठीक आहे, पण दवाखान्याला अजून ट्रकच्या मागे पोत्यांवर बसून जाते. गाडी त्यासाठीच.

तितिलियाबाई नौसोरीत चर्चच्या हॉलमध्ये लोकांना गाडी कशी घ्यावी ते शिकवतात (स्वतः पायी येतात). पहिला नियम, गाडी बघताना गप्प बसणे. मी गाडी विकणाऱ्या विलिकेसाच्या अंगणात शिरताच म्हणालो, "काय देखणी गाडी!" बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. मग बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. म्हणजे आम्ही येण्याआधीच यानं इंजिन तापवून ठेवलं होतं.

"पुरात होती का रे?"

"छे हो बाई! पोरांनी नारळपाणी सांडलं."

"तुझ्या नारळात गाळ निघतो?"

मला वाटलं, आता भांडण. पण बाई अंगणातल्या चटईवर मांडी घालून बसल्या, माझ्या पिशवीतून यंगोनाची मुळी काढली, त्याच्यापुढे ठेवली आणि आपल्या गावांची नावं घेऊन रीतसर बोलल्या. अशी मुळी पुढे आली की हात लावून स्वीकारावीच लागते. विलिकेसानं लावला, टाळ्या वाजवल्या, मुळी कुटून पाण्यात कालवली आणि प्यायला वाट्या फिरवल्या. (तिसऱ्या वाटीला माझी जीभ बधिर झाली आणि पहिला नियम अखेर पाळता आला.)

"आता आम्ही तुझे पाहुणे," बाई म्हणाल्या. "याची आई उद्या डोंगरात अडकली, तर लोक विचारतील, पाहुण्यांना असं कुणी धाडलं?"

विलिकेसानं वाटी खाली ठेवली. "पाणी सीटपर्यंत होतं," म्हणाला. "ब्रेकही धड नाहीत." मग त्यानंच किंमत उतरवली आणि भावाला हाक मारून आमच्यासमोर ब्रेक बदलून घेतले. मामा, अशी बाई मी पाहिली नाही. आवाज एकदाही चढला नाही.

गाडी मात्र घेऊ दिली नाही. म्हणाल्या, "इंजिन गार असताना सुरू होतं का ते बघायचं. उद्या ये."

तुमचा भाचा,
साकेआसी

ता. क. ती मुळी तुम्ही नव्या पाद्रीबुवांच्या स्वागतासाठी पाठवलेली होती. ते रविवारी येताहेत. दुसरी पाठवा. जरा मोठी, ही किती मोठी होती ते मी त्यांना आधीच सांगून बसलोय.

ता. क. २. सकाळी बॉनेट गार होतं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आई पुढच्या सीटवर बसली.